भातखाचरातली गांडुळं गेली कुठं?

घाटमाथा · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आवणीहून, म्हणजे भातलावणीहून, आत्ताच परत आलोय. कंबर मोडलीय, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून झोपायच्या आधी लिहितो.

राहायला कोथरूडला, शेत मुळशीत, पौडपासून तासभर आत. शेती काका आणि चुलतभाऊ बघतात. मी आवणी आणि झोडणीपुरता शेतकरी. काल दुपारी जेवणं झाल्यावर सगळे पडवीत आडवे झाले, तेव्हा बूड काढलेला तेलाचा डबा घेऊन खाचरात उतरलो. डबा चिखलात दाबला, आतला सगळा चिखल घमेल्यात काढला आणि हातानं चाळला. एकही गांडूळ नाही. दुसऱ्या खाचरात केलं, तिथंही नाही.

शेजारच्यांनी दोन वर्षांपासून चिखलणी सोडलीय. गादीवाफे करून त्यावर टोकणी करतात, एसआरटी म्हणतात ती. त्यांना विचारून त्यांच्या वाफ्यावर तोच डबा ठोकला. अकरा गांडुळं! शिवाय वाफ्यावर जागोजागी शेवयांसारख्या विष्ठेचे छोटे ढीग.

भावाला म्हटलं, बघ, चिखलणीनं जमीन मेलीय आपली. तो कूस न बदलता म्हणाला, "पाण्यात गांडूळ शोधतोयस, उद्या विहिरीत उंदीर शोधशील."

तर प्रश्न असा, की चिखलणीनं खरंच मातीतले जीव संपतात, की मीच चुकीचं मोजतोय?

ओलावा · रविवार, रात्री ११:०५

मातीतल्या जीवांशी पोटापाण्याचा संबंध आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

चिखलणीचा हेतूच मुळी मातीतली भोकं बुजवायचा. ढेकळं फुटावीत, बारीक गाळ खाली बसावा, पाणी झिरपू नये. आणि मातीतले बहुतेक जीव राहतात ते नेमके त्या भोकांत. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचरात साधारण वीतभर खाली एक घट्ट थर बसलेला असतो. पहार मारली की आवाज बदलतो, तो थर.

मग पाणी भरतं. मातीतला प्राणवायू जिवाणू एक-दोन दिवसांत फस्त करतात. पाण्याला लागून असलेला काही मिलिमीटरचा पापुद्रा तेवढा तांबूस राहतो, खालचं सगळं करडं-निळसर होतं. पुढच्या वेळी चिखल कापून बघा, दोन रंगांमधली रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. गांडूळ श्वास घेतं कातडीतून. नुसत्या पाण्यात ते लगेच मरत नाही, त्यात विरघळलेल्या प्राणवायूवर बराच काळ तगतं. पण त्या निळसर चिखलात त्याला काही उरत नाही. त्यामुळे ते निघतं, आणि निघताना अर्धी बगळ्यांच्या पोटात जातात.

आता तुमच्या डब्याबद्दल. पंधरा किलोचा डबा ना? हरकत नाही. आम्ही २५ सेंमी लांब, तितकाच रुंद आणि ३० सेंमी खोल ठोकळा काढतो. आलेल्या आकड्याला सोळानं गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. तुमचा डबा जवळपास त्याच मापाचा. चूक डब्यात नाही, जागेत आणि वेळेत आहे. जुलैत भरल्या खाचरात गांडूळ मोजणं म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत जाऊन मुलं मोजण्यासारखं. बांध खणला का? पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरात तेच खाचर बघितलं का? आणि एका शेतात निदान पाच ठिकाणी डबा लावायचा, एका ठिकाणी नाही.

वेल्हेकर_जोत · सोमवार, पहाटे ५:५०

ताई बरोबर बोलल्या. आमच्याकडं गांडवळ बांधात बसतं. पावसाच्या तोंडाला बांध चेपतो, किरव्यांची बिळं बुजवतो, तवा कुदळीमागं दोन-चार निघत्यातच. खाचरात ते कातिकाशिवाय दिसायचं न्हाई. पाणी आटलं, भात पिवळं पडलं, की खाली विष्ठेचं गोळं दिसाय लागत्यात. मंजी ते येतंय परत. आता बांधच नसंल तर कुठनं येनार?

आमच्या लहानपणी बांध चांगला हातभर रुंद, वर गवत, तूर, भेंडी, कुठं अळू. आता टिलर वळवायला जागा पायजे म्हणून दोन्हीकडनं तासून तासून बांधाची नुसती वरंबी राहिलीया. त्यात तणनाशक. सकाळी मारलं की आठ दिसांत बांध पिवळाधमक. मी पन मारतो, खोटं कशाला बोलू. गवत काढाय माणूस भेटत न्हाई.

आणि जोतामागं बगळ्यांची रांग असायची. आता टिलरमागं पन येत्यात, पन दोन फेऱ्या झाल्या की उडून जात्यात.

काचपेटी · सोमवार, सकाळी ९:१२

मी सदाशिव पेठेतला फ्लॅटवाला, शेतीतलं शून्य कळतं. पण घरात चार फिशटँक आहेत, म्हणून एक विचारतो. घाटमाथा, तुम्ही चिखल हातानं चाळलात म्हणालात. त्यात केसासारखे बारीक लाल दोरे दिसले नाहीत? बोटाला लागताच गुंडाळी होणारे? माशांना घालायला ट्युबिफेक्स मिळतात तसे. माझ्या टँकमध्ये ते तळाच्या वाळूत डोकं खुपसून उभे राहतात आणि शेपट्या हलवत असतात. काचेवर टिचकी मारली की सगळे एकदम आत.

ओलावा · सोमवार, दुपारी १:२०

काचपेटी, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद फ्लॅटवाल्याचा निघाला!

हे लाल दोरे गांडुळाचे पाण्यातले चुलतभाऊच. रंग लाल, कारण रक्तात हिमोग्लोबिन, त्याच्या जोरावर ते प्राणवायू जवळपास नसलेल्या चिखलात जगतात. डोकं खाली, शेपूट वर. खालचा गाळ खाऊन तो वर आणून टाकतात. म्हणजे गांडूळ गेलं तरी माती उलथण्याचं काम थांबत नाही, पाळी बदलते. पाणी ओसरल्यावर आणि बांधावर एक पाळी, भरल्या खाचरात दुसरी. त्यांच्या जोडीला चिलटासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या मिजमाश्यांच्या लाल अळ्या, चतुराची पिल्लं, पाणभुंगेरे, गोगलगाई, राईच्या दाण्याएवढी शिंपल्यात राहणारी कवचधारी.

जपानमध्ये यावर बरंच काम झालंय. हे लाल किडे गाळ वर आणतात तेव्हा तणांचं बी त्याखाली गाडलं जातं आणि तण कमी उगवतं. तिथं काही शेतकरी भात काढल्यावर हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवतात. किड्यांच्या विष्ठेचा मऊ, दह्यासारखा थर साचतो आणि हिवाळी हंस-बदकं येतात ती वेगळी. मियागी प्रांतातलं काबुकुरी तळं आणि भोवतीची भातशेती २००५ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. भातशेतीला पाणथळ जागा मानून तिच्या जैवविविधतेवर रामसर करारात २००८ साली वेगळा ठरावही झाला. ईशान्य थायलंडमध्ये चार्ल्स हेकमन यांनी जुन्या पद्धतीच्या एकाच खाचरात वर्षभरात ५९० च्या आसपास जाती मोजल्या होत्या, १९७० च्या दशकात. एकाच खाचरात!

म्हणून "चिखलणीनं जमीन मेली" हे वाक्य मी मान्य करणार नाही. कोरड्या मातीतली वस्ती उठते आणि पाण्यातली बसते. प्रश्न आहे तो ही ये-जा चालू राहते का, हा.

हिशेबनीस · सोमवार, संध्याकाळी ७:३०

वाचून गंमत वाटली. गांडुळं मोजून पोतं भरत नाही. चिखलणी का करतात? तण दबतं, रोप पटकन धरतं, पाणी टिकतं. हे तिन्ही सोडून किडे जपायचे, तर भरपाई कोण देणार?

दुसरं, गांडूळ म्हणजे देवमाणूस असं समजायचं कारण नाही. फिलिपिन्समधल्या इफुगावच्या डोंगरउतारावरच्या भातपायऱ्या जगप्रसिद्ध आहेत. तिथले शेतकरी मोठ्या गांडुळांना कीड मानतात, कारण ती बांध पोखरतात, पाणी गळतं आणि पायरी ढासळते. आपल्याकडे किरव्यांनी हैराण होतात तसंच.

वेल्हेकर_जोत · सोमवार, रात्री ८:१५

किरव्याचं नाव काढलंत म्हणून. किरवं बांधाला भोक पाडतं हे खरं. पन पयल्या पावसात तेच किरवं कालवनात असतंय, त्याचं काय? 😀 आमची आय म्हनायची, त्यानं बांध खाल्ला, आपन त्याला खाल्लं.

गादीवाफा · सोमवार, रात्री १०:०२

एसआरटीबद्दल कुणीच नीट बोलत नाही म्हणून लिहितो. मावळात आमचं सव्वा एकर आहे, चौथं वर्ष. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी ही पद्धत मांडली. नांगरणी एकदाच, वाफे करताना. त्यानंतर ते वाफे कायमचे. लोखंडी साच्यानं भोकं पाडायची, त्यात बी टाकायचं. चिखलणी नाही, आवणी नाही. भात कापल्यावर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, उपटायची नाहीत. तीच मुळं म्हणजे गांडुळांचा डबा. पहिल्या वर्षी मला तीन-चार दिसली, आता खुरपं मारलं की निघतात. घाटमाथा यांची अकरा त्यामुळेच.

हिशेबनीस · सोमवार, रात्री १०:२०

आणि ते धसकट मारायला ग्लायफोसेट हे तणनाशक, हे सांगायचं राहिलं.

गादीवाफा · सोमवार, रात्री १०:३१

लपवत नाही. मारतो. एकदा, लागवडीआधी. त्याशिवाय न नांगरता तण आवरायचं कसं, तुम्ही सांगा. तुमच्या नांगरानं काय गांडुळांना मुका दिला?

ओलावा · मंगळवार, सकाळी ८:४५

दोघांचंही थोडं थोडं खरं. न नांगरलेल्या, मुळं कुजू दिलेल्या वाफ्यात गांडुळं वाढतात, यात वाद नाही. ग्लायफोसेटचा गांडुळावर होणारा परिणाम मात्रा आणि मातीप्रमाणे बदलतो. पण काही तणनाशकांत ते पानाला चिकटावं म्हणून जो साबणासारखा पदार्थ घातलेला असतो, तो पाण्यातल्या जीवांना, विशेषतः बेडकांच्या पिल्लांना, फार वाईट. त्यामुळे वाफ्यावर वापरलेलं आणि पाण्याच्या चारीत गेलेलं एकच समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली, तेही ध्यानात असू द्या.

आणि पाणी काढलं की सगळं छानच होतं असंही नाही. मुळांवर गाठी करणारा भाताचा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म किडा, भरल्या पाण्यात दबून राहतो आणि उघड्या, ओलसर जमिनीत डोकं वर काढतो. उलट पाणी आवडणारा दुसरा सूत्रकृमी भरल्या खाचरातच फोफावतो. वाळवीचंही तसंच, कोरड्या वाफ्यात धसकट राहिलं की ती येणार. ती कुजवायचंच काम करते, पण बघून माणूस घाबरतो.

हिशेबनीस, तुमच्या पोत्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. इंडोनेशियात जावा बेटावर नव्वदच्या दशकात खाचरांचा बारकाईनं अभ्यास झाला. आवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भातावर कीड फारशी नसते. त्या काळात कोळी आणि पाणढेकूण खातात काय? कुजका पाला खाणाऱ्या आणि शेवाळ गाळून खाणाऱ्या बारीक जीवांना, आपल्या त्याच मिजमाश्या वगैरे. त्यांच्यावर कोळी पोसले जातात, त्यांची संख्या वाढते, आणि तुडतुडे येतात तेव्हा फौज आधीच हजर असते. ज्यांनी सुरुवातीलाच कीटकनाशक टाकलं, त्यांनी तुडतुड्यांच्या आधी कोळ्यांचं जेवण मारलं. त्याआधीच, १९८६ मध्ये, तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

म्हणजे चिखलात वळवळणाऱ्या त्या लाल अळीचा तुमच्या पोत्याशी संबंध आहे, फक्त मध्ये एक कोळी बसलाय.

भोरची_लेक · मंगळवार, दुपारी ३:१०

हे वाचून लिहावंसं वाटलं. सात-आठ वर्षांपूर्वी खेकड्यांनी आमचा वरचा बांध दोनदा फोडला. बाबा दुकानातून दाणेदार औषध घेऊन आले. भातात कालवून बिळाच्या तोंडाशी ठेवा असं दुकानदारानं सांगितलं. मातीचं, माशांचं, कशाचंच नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी बघायला गेले. खेकडे होतेच उलटे पडलेले. पण चारीच्या कडेला बेडूक, दोन-तीन पाणसाप, आणि एक ढोकरी, मान वाकडी करून बांधावर बसलेली. उडत नव्हती. मी हातात घेतली तर तिचं डोकं थरथरत होतं. संध्याकाळपर्यंत गेली.

ते फोरेट होतं, नंतर कळलं. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशभर बंदी आहे. आता आम्ही बिळात दगड-माती ठेचतो आणि वर वेखंड लावलंय. त्यानं खेकडे थांबतात की नाही देव जाणे, पण त्याच्या मुळांनी बांध धरून ठेवलाय.

राजमाची_काजवा · मंगळवार, रात्री ९:५५

थोडं अवांतर. मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्याच्या गाड्या येतात आमच्याकडे. काजव्याची अळी काय खाते विचारलं की लोक गप्प. ती ओल्या मातीत, पाल्याखाली राहते आणि गोगलगाई खाते. म्हणून मला राबाबद्दल, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळतात त्याबद्दल, विचारायचंय. राब भाजताना सगळं जळत असेल ना?

ओलावा · बुधवार, सकाळी ७:३०

राबाची धग काही सेंटिमीटरच खाली जाते आणि भाजतो ती जागा लागवडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. त्या वाफ्यातले वरवरचे जीव मरतात, तणाचं बीही मरतं, शेतकऱ्याला तेच हवं असतं. मला काळजी वाटते ती राबासाठी आणलेल्या पाल्याची. टहाळ आणि पातेरा येतो कुठून? भोवतीच्या रानातून. जंगलाच्या जमिनीवरचा पातेरा म्हणजे स्प्रिंगटेल, माइट, गोम, वाणी, गोगलगाई आणि तुमची काजव्याची अळी यांचं घर. ते खराट्यानं गोळा करून वाफ्यावर जाळलं जातं. म्हणजे भाताच्या खाचरात नाही, रानात नुकसान होतं, आणि मोजायला तिथं कुणी जात नाही.

इंद्रायणीप्रेमी · बुधवार, दुपारी १२:४०

सगळं बरोबर आहे, पण घाटमाथा, तुमच्याकडे इंद्रायणी आहे का आंबेमोहर? थेट शेतातून मिळेल का?

वेल्हेकर_जोत · बुधवार, दुपारी १२:५८

लोकं गांडवळ मोजत्यात, ह्यांना भात पायजे 😂 पन सांगतो, इंद्रायणी ही आंबेमोहराचीच लेक. वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ चा संकर केला, १९८७ मदी आली.

ओलावा · बुधवार, संध्याकाळी ६:१५

घाटमाथा, पुन्हा जाणार असाल तर एक युक्ती. बांध खणला तर काका रागावतील, म्हणून मोहरी वापरा. आपली काळी मोहरी दळून गार पाण्यात कालवायची, लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास, आणि थोडा वेळ ठेवायची. गरम पाणी नको, झणका मरतो. बांधावर डबा जरा दाबून बसवा, आत हळूहळू ओता. गांडुळांच्या कातडीला ते झोंबतं आणि ती वर येतात. आली की लगेच साध्या पाण्यात धुवा, मोजा, सोडून द्या. भरल्या खाचरात हे चालणार नाही, तिथं पांढरी ताटली आणि डोळे.

घाटमाथा · रविवार, रात्री १०:२५

ताजा अहवाल.

खाचरात पाच ठिकाणी डबा लावला. गांडूळ शून्य, पण या वेळी चिखल काकूच्या पांढऱ्या परातीत पाण्यात पसरून दहा मिनिटं तसाच ठेवला. काचपेटी, तुम्हाला एक मिसळ लागू! गाळ खाली बसला आणि त्यातून लाल दोरे एकेक करून वर आले, शेपट्या हलवत. परातीच्या कडेला नख वाजवलं, सगळे गायब. पुन्हा दहा मिनिटांनी वर. पुतण्या तासभर तेच करत बसला होता, शेवटी परात ओढून घ्यावी लागली. मोजता आले नाहीत, पण एका परातीत पन्नासच्या खाली नसतील. शिवाय चतुराचं एक पिल्लू, ज्यानं माझ्यासमोर एक अळी खाल्ली. आणि हो, ती रंगाची रेघ दिसली. वर तांबूस, खाली शिसपेन्सिलीसारखा रंग.

मग बांध. आमचे दोन बांध बघितले. रस्त्याकडचा, ज्यावर भाऊ तणनाशक मारतो आणि टिलर वळवायला दर वर्षी तासतो. आणि झऱ्याकडचा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, गुडघाभर गवत. मोहरीचं पाणी ओतलं. रस्त्याकडच्यावर दोन गांडुळं, तीही बोटभराची. झऱ्याकडच्यावर पहिल्या मिनिटात काहीच नाही, मला वाटलं मोहरी जुनी निघाली. मग एकदम गवताच्या बुडातून एक, त्याच्या शेजारून एक, आणि मोजता मोजता चौदा. एक तर हातभर लांब, जांभळट, अर्धं बाहेर येऊन थबकलं आणि परत आत गेलं. ते धरून पंधरा. ओलावाताई, दोन बांधांवरून काही सिद्ध होत नाही, तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

भावाला दाखवलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण रस्त्याकडच्या बांधाचं गवत काढायला तू येणार का दर पंधरवड्याला? मी गप्प. मग थोड्या वेळानं तोच म्हणाला, झऱ्याकडचा पुढच्या वर्षी तासणार होतो, तो राहू दे तसाच. तर काकू आतून ओरडली, त्याला हात लावायचाच नव्हता, तिथं माझं अळू आहे.

इंद्रायणीप्रेमी, इंद्रायणीच आहे, पण घरापुरतीच उरते.

ऑक्टोबरात पाणी ओसरलं की डबा घेऊन परत जातो. कुणाकडे मोहरी पडून असेल तर सांगा, काकूनं तिची बरणी वरच्या फळीवर ठेवलीय.